थोरलीचं गाणं

डिसेंबर लागला की आमच्या सोसायटीत आधी खोकला येतो आणि मग थंडी. थंडी म्हणजे तरी काय, पहाटे पंखा एकवर आणायचा आणि वॉचमनने कानटोपी घालायची, एवढीच. पण अंधेरीला तेवढी पुरते. नव्या टॉवरांची आणि खोदलेल्या रस्त्यांची धूळ हवेत अडकून राहते, सकाळी गच्चीवरून पलीकडची इमारत धुरकट दिसते, आणि लिफ्टमध्ये दोन माणसं भेटली की एकमेकांना हळदीचं दूध सुचवतात. ज्यांनी दिवाळीचा कंदील उतरवायचा कंटाळा केलेला असतो त्यांच्या गॅलरीत तो तसाच लटकत असतो, आणि शेजारच्या गॅलरीत नाताळची चांदणी लागते. संध्याकाळी खालून बघितलं तर कुठला सण कुणाचा ते कळत नाही. मला हे दिवस फार आवडतात. खोकल्यासकट.

यंदाही घसा खवखवायला लागला आणि मला मी शाळेतून निवृत्त झाले त्या वर्षीची थंडी आठवली. त्या थंडीत मी ऑपेरा गायले. हे वाक्य मी अजूनही सहजपणे उच्चारू शकत नाही. सातबंगल्याच्या बस स्टॉपवर कुणी विचारलं, 'काय हो बाई, रिटायर झाल्यावर काय केलंत?' तर मी 'काही नाही, बागकाम' असं सांगून मोकळी होते. माझ्याकडे एकच तुळस आहे.

मी मराठीची शिक्षिका. पण माझ्या शाळेत ऑस्वल्ड संगीत शिकवायचा. मरोळचा, तिथल्या जुन्या गावठाणातला, मराठी माझ्यापेक्षा जलद बोलणारा. शाळेच्या प्रार्थनेत माझा आवाज ऐकून फार वर्षांपूर्वी त्याने मला आपल्या गायकवृंदात ओढलं होतं. 'तुझा आवाज खाली छान जातो, वरच्या बाया खूप आहेत माझ्याकडे, खालच्या मिळत नाहीत,' असं त्याचं आमंत्रण. आवाजाबद्दल बोलतोय हे लक्षात यायला मला जरा वेळ लागला. तेव्हापासून मी दर आठवड्याला त्या खालच्या बायांच्या रांगेत उभी राहत आले. नाताळची गाणी, चर्चमधली गाणी, कुणाच्या लग्नातली गाणी. मी गणपतीची आरती ज्या मनाने म्हणते त्याच मनाने तीही म्हणत असे, आणि कधी कुणी मला त्यात वेगळं पाडलं नाही.

निवृत्तीच्या वर्षी ऑस्वल्डच्या डोक्यात ऑपेरा शिरला. कुणा विस्मरणात गेलेल्या फ्रेंच संगीतकाराचा, बायबलमधल्या याकोब आणि राहेल यांच्या प्रेमाचा. आणि तोही कॉन्सर्टमधला. म्हणजे नाटकातलं नाटक काढून घ्यायचं आणि गाणं तेवढं ठेवायचं. वेश नाही, पडदा नाही, तंबू नाही, मेंढ्या नाहीत. सगळ्यांनी काळे कपडे घालून स्टँडपुढे ओळीने उभं राहायचं. प्रियकर 'तुझ्यावाचून मी जगणार नाही' म्हणतो ते समोरच्या खुर्च्यांकडे बघून, आणि प्रेयसी त्याच्या डावीकडे पान उलटत असते. माझ्या धाकट्या बहिणीच्या यजमानांना, मोहनरावांना, मी हे फोनवर समजावून सांगितलं तेव्हा ते म्हणाले, "म्हणजे काय, तालीम तिकीट लावून दाखवणार?" मोहनराव संगीत नाटकांचे वेडे. त्यांच्या मते रंगमंचावर शालू आणि भरजरी फेटा नसेल तर गाण्याला अर्थच नाही.

फ्रेंच मी देवनागरीत लिहून घेतलं. स्वरांच्या खाली पेन्सिलीने, बारीक अक्षरात. त्या भाषेतले निम्मे शब्द नाकातून निघतात. बाकीच्या बाया त्याने हैराण झाल्या, पण आमचं मूळ मालवणकडचं, आमच्याकडे माणसं रोजचा बाजारहाटसुद्धा नाकातून करतात, त्यामुळे मला काही जड गेलं नाही. ऑस्वल्ड म्हणायचा, "बघा, टीचर पॅरिसला राहून आलीय." मी म्हणायची, "पॅरिस नव्हे रे, पेंडूर."

गोष्ट ज्यांना ठाऊक नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते, कारण पुढचं सगळं तिच्यावरच आहे. लाबान नावाच्या माणसाला दोन मुली. थोरली लेआ, धाकटी राहेल. याकोब धाकटीवर भाळतो आणि तिच्यासाठी सात वर्षं तिच्या बापाकडे राबतो. लग्नाच्या रात्री बाप बुरख्याआड थोरलीला पाठवतो. सकाळी उजाडल्यावर याकोबाला कळतं. तो जाब विचारतो तेव्हा सासरा म्हणतो, आमच्याकडे थोरलीच्या आधी धाकटीला देत नाहीत.

पहिल्या तालमीला ऑस्वल्डने ही गोष्ट सांगितली तेव्हा सगळे पुढचं ऐकायला थांबले होते आणि मी एकटीच मान हलवत होते. लाबानाचं ते शेवटचं वाक्य मी आमच्या घरात, आमच्या बाबांच्या तोंडून, याच शब्दांत ऐकलं होतं.

तेव्हा आम्ही जोगेश्वरीला राहायचो. बाबांची गिरणी बंद पडली होती, मी बी.एड. करत होते आणि मला बघायला मोहन नावाचा मुलगा येणार होता. त्या दिवशी नेमकी संकष्टी, म्हणून पोह्यांऐवजी साबुदाण्याची खिचडी केली होती. माझ्या नशिबात कांदेपोह्यांचा कार्यक्रमही धड नव्हता असं मी पुढे गमतीने सांगत असे. मुलगा गोरा, हसरा, आणि सतत नाटकांविषयी बोलणारा. मला विचारायचं सोडून त्याने बाबांना कुठल्या नटाने कुठलं पद कसं घेतलं तेच सांगितलं. खरं सांगते, मला तो मुळीच आवडला नाही. मनात आलं, याच्याशी लग्न केलं तर जन्मभर मध्यंतर होणार नाही.

चार दिवसांनी मध्यस्थ काका आले आणि चहाच्या कपाकडे बघत म्हणाले, "थोरली चांगलीच आहे. पण मुलाक धाकटी पसंत आसा." नंदा तेव्हा कॉलेजात होती. बाबा म्हणाले, आमच्याकडे थोरलीच्या आधी धाकटीला देत नाहीत. मग सगळे माझ्याकडे बघायला लागले. बाबांनी विचारलं, "शालू, तुका काय वाटता?" मी म्हटलं, "माझी काही हरकत नाही." आणि नव्हतीच.

पण हे कुणी म्हणून खरं मानलं नाही. त्या दिवसापासून मी आमच्या खानदानात त्यागमूर्ती झाले. लग्नाकार्यात कुठलीतरी मावशी माझा हात धरून डोळ्याला पदर लावायची. पुढे माझी दोनतीन स्थळं आली नि गेली, मग नोकरी लागली, शाळेत जीव रमला, आणि लग्न राहून गेलं ते गेलं. मला त्याचं दुःख आहे की नाही हे मला कुणी विचारलं नाही, सगळ्यांना ते आधीच ठाऊक होतं. आणि सगळ्यांत जास्त ठाऊक होतं नंदाला. साडी घेतली की ती दोन घ्यायची आणि त्यातली चांगली मला द्यायची. आंब्याची पेटी मुलुंडला तिच्या घरी आली की न उघडता आधी अंधेरीला माझ्याकडे यायची. माझ्या प्रत्येक कार्यक्रमाला ती डबा घेऊन पहिल्या रांगेत हजर. मी कितीदा तरी बोलायचं ठरवलं, की अगं वेडे, मला तो नकोच होता. पण बहिणीला 'तुझा नवरा मला नको होता' हे कसं सांगायचं? तोही एक अपमानच झाला असता.

तर नाताळच्या थोडं आधी, धूळ अशीच साचलेली असताना, लेआ गाणाऱ्या बाईंचा घसा बसला. बसला तो बसलाच. डॉक्टरांनी महिनाभर बोलायचंही नाही म्हणून सांगितलं. कार्यक्रम जानेवारीत, सांताक्रूझच्या एका चर्चच्या हॉलमध्ये ठरलेला. ऑस्वल्डने तालीम संपल्यावर मला थांबवलं.

"टीचर, लेआ तू कर."

"मी नाही."

"का? आवाज तुझ्या पट्टीतला आहे. पाठ आहे तुला, मी बघतो ना, ती गाते तेव्हा तुझे ओठ हलतात."

मी त्याला जोगेश्वरीची सगळी हकिगत सांगितली. तो पोट धरून हसला. "म्हणजे तुझ्या घरात बायबल होऊन गेलं आणि तू मला आता सांगतेस?"

"पण आमच्याकडे उलटं झालं. थोरलीला कुणी बुरखा घालून पाठवलं नाही. धाकटीला उजेडात पसंत केलं."

"मग तर काय प्रॉब्लेमच नाय. गा की."

"नंदा पहिल्या रांगेत बसणार आहे रे. ती काय समजेल? इतकी वर्षं मी गप्प राहिले आणि आता माईक लावून सांगतेय, असंच ना?"

तो गंभीर झाला. पियानोचं झाकण लावत म्हणाला, "हे बघ, तुला गायचंय की नाही एवढंच सांग. बाकी मी काय बोलणार, दोन बहिणींमध्ये."

गायचं होतं. फार गायचं होतं. आयुष्यभर खालच्या रांगेत उभं राहिल्यावर कुणीतरी म्हणतं, एक पाऊल पुढे ये, हे गाणं तुझ्या एकटीचं. आणि गाणं काय होतं! लग्नाच्या रात्री तंबूत बुरखा घेऊन बसलेली लेआ म्हणते, दिवा लावू नका. उजाडेपर्यंत त्याला मला तिच्या नावाने हाक मारू द्या. मी ओ देईन. एवढंच. सगळं हळू आवाजात, खालच्या सुरात. घरी भांडी घासताना मी ते म्हणायची आणि मला एक जुनी गोष्ट टोचायची. मुलगा नको होता हे खरं, पण नकार लागला होता. आपल्याला बघायला आलेला माणूस आपल्याच घरात आपल्यावरून नजर काढून दुसरीकडे ठेवतो, हे काही खिचडीच्या विनोदाने पुसलं जात नाही. मी ते कबूल केलं, नळाखाली हात धरून, आणि थोडी रडले. मग बरं वाटलं.

नंदाला आधी सांगायचं असं ठरवून मी तिला वर्सोव्याला सुकी मासळी घ्यायला बोलावलं. या दिवसांत वर्सोव्याचं गावठाण काड्यांवर वाळत घातलेल्या बोंबलांनी भरलेलं असतं. वास लांबूनच सांगतो की आलात. खाडीवरून मढला जाणारी बोट सुटत होती, ऊन अंगाला बरं वाटत होतं. नंदा ओळखीच्या मावशीपुढे सोडे चिवडत बसली.

"नंदे, मला एकटीचं गाणं मिळालंय."

"काय सांगतेस! ताई! अगं मग आधी नाही का सांगायचं? मी आमची अख्खी बिल्डिंग आणते."

"बिल्डिंग नको आणूस. ऐक, ती गोष्ट दोन बहिणींची आहे."

"मग भांडण असणार."

"भांडण नाही. एक मुलगा असतो. धाकटी त्याला आवडते, आणि थोरली..."

तिचा हात सोड्यांवर थांबला. तिने माझ्याकडे बघितलं नाही. मग मावशीला म्हणाली, "हे कसे दिले हो?"

"घे गो बाय, यंदाचंच हाय, कडक सुकलेलं," मावशी म्हणाली. नंदाने भाव न करता घेतले. माझी बहीण भाव न करता काहीही घेते, हे मी पहिल्यांदाच पाहत होते. परतताना रिक्षात ती तिच्या गुडघेदुखीबद्दल बोलली, मी माझ्या पेन्शनच्या कागदांबद्दल.

सांताक्रूझच्या त्या हॉलवरून विमानं जातात. जातात म्हणजे अगदी कौलं मोजत जातात. तिथल्या लोकांना सवय आहे, पाद्रीबाबाही प्रवचनात विमानापुरते थांबतात आणि त्याच वाक्यात पुढे जातात. ऑस्वल्डने तालमीत आम्हाला सांगून ठेवलं होतं, लांब सुरावर असताना विमान आलं तर सूर सोडू नका, ते जाईल, तुम्ही राहा. मला हे फार पटलं होतं. बाकी तो कार्यक्रम म्हणजे एक पियानो, चार व्हायोलिनं, काळ्या साड्या, काळे शर्ट, आणि समोर निम्मा मरोळ. दारात वाटलेल्या कागदावर गोष्ट मराठीतही छापली होती. नंदा पहिल्या रांगेत चष्मा लावून ती वाचत होती. तिच्या शेजारी मोहनराव मफलर गुंडाळून बसले होते, चेहऱ्यावर 'फेटा कुठाय' असा भाव. सुरुवातीला ऑस्वल्डने विनंती केली, की अंक संपेपर्यंत टाळ्या वाजवू नयेत.

माझी पाळी आली. मी एक पाऊल पुढे झाले. नंदाकडे बघायचं नाही असं ठरवलं आणि मागच्या भिंतीवरच्या घड्याळाकडे बघून गायले. नीट गायले, चुकले नाही. पण जपून गायले. एखाद्याची झोप मोडू नये म्हणून पावलं टाकावीत तसं. शेवटचा सूर संपला. हॉल गप्प. टाळ्या नाहीत, सांगितल्याप्रमाणे.

आणि त्या शांततेत पहिल्या रांगेतून खणखणीत आवाज आला, "वन्स मोअर!"

मोहनराव. जन्मभराची सवय. गाणं मनाला भिडलं की तोंडातून तेच निघणार, मग समोर कुणी का असेना. नंदा त्यांची बाही ओढत होती. मागे कुणीतरी फिसकन हसलं, मग सगळा हॉल हसला. राहेल गाणारी मुलगीसुद्धा फाइलआड हसत होती. ज्या माणसाने मला एकदा बघून पुरे म्हटलं होतं तो आज परत म्हणत होता, आणि हे त्याच्या लक्षातही आलेलं नव्हतं. मलाही हसू आवरेना. ऑस्वल्ड वळला, त्याने मोहनरावांकडे बघितलं, मग माझ्याकडे. आणि पियानोवाल्याला म्हणाला, "परत घे."

दुसऱ्यांदा मी घड्याळाकडे बघितलं नाही. हसून मोकळं झालेल्या घशाने गायले, समोर नंदाकडे बघून गायले. तिला काही सांगायचं म्हणून नाही. ती माझी बहीण आहे आणि समोर बसली आहे म्हणून. मध्येच विमान आलं. मी सूर धरून राहिले, ते गेलं. सुख म्हणतात ते मला त्या वेळी स्वच्छ जाणवलं.

कार्यक्रमानंतर आवारात चहा होता. मोहनराव आधी मला भेटले, म्हणाले, "ताई, फेट्याशिवायही जमतं हो." आणि मुलुंडला येणारी रिक्षा शोधायला फाटकाकडे गेले. मी नंदाजवळ बाकावर बसले. तिने डबा माझ्या मांडीवर ठेवला, पण उघडला नाही.

"ताई, ती दुसरी कुठे असते गं त्या रात्री?"

"कोण दुसरी?"

"राहेल. थोरली तंबूत. मग ती कुठे?"

मी आठवून बघितलं. "माहीत नाही. गोष्टीत सांगितलेलं नाही."

"तिला तिथे गाणं नाही?"

"त्या अंकात नाही."

नंदाने चहाचा कप बाकावर ठेवला. मग अगदी शांतपणे, कुणाला वाण्याची यादी सांगावी तशा आवाजात म्हणाली, "तेव्हा घरात जो तो तुला विचारत होता. बाबांनी विचारलं, काकांनी विचारलं, आईने तर स्वयंपाकघरात नेऊन परत विचारलं. शालू, तुझी हरकत नाही ना. तू हरकत नाही म्हणालीस आणि माझं लग्न ठरलं. मी बाहेरच्या खोलीत परीक्षेचा अभ्यास करत होते. मला कुणी विचारलंच नाही गं."

इतक्या वर्षांच्या साड्या, आंबे, डबे मी एकाच अर्थाने घेतले होते. आपली बहीण आपल्यापाशी काही फेडतेय असं समजत होते. ती कदाचित वाट बघत होती, मी कधीतरी विचारीन म्हणून.

"वाईट नाहीत ते," ती घाईघाईने म्हणाली. "चांगलेच आहेत. तसं नाही."

फाटकापाशी मोहनराव रिक्षावाल्याशी हुज्जत घालत होते. एक हात हवेत, मफलर खांद्यावरून घसरलेला. मी डबा बाजूला ठेवला आणि तिचा हात हातात घेतला.

"नंदे, बघ तिकडे. मी विचारते आता. पसंत आहे का मुलगा?"

ती हसली नाही. तिने चष्मा काढला, पदराने पुसला, परत लावला आणि फाटकातल्या त्या माणसाकडे वरपासून खालपर्यंत नीट बघितलं.

"थांब," ती म्हणाली, "विचार करून सांगते."